आल्याला बुरशी लागल्याबाबत

हिवरडोहच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आल्याला बुरशी लागली, ही घटना मुळातच बेकायदेशीर होती. आले हे जंतुनाशक आणि बुरशीनाशक आहे, असे परिपत्रकाच्या चौथ्या मुद्द्यात स्वच्छ म्हटलेले होते आणि परिपत्रकाखाली सही होती. सहीच्या कागदाविरुद्ध उगवण्याची हिंमत त्या भागात आजवर गवतानेही केली नव्हती.

ही बुरशी प्रथम पाहिली उकंडरावांनी. उकंडराव हे केंद्राचे औषधनिर्माण अधिकारी, म्हणजे गावाच्या तोंडी कंपाउंडर. नोकरी एकतीस वर्षांची झालेली, निवृत्तीला चार बाकी, आणि या पस्तीस वर्षांत आपल्या हातून काहीही घडू नये एवढेच त्यांचे देवाजवळ मागणे होते. देवाने आतापर्यंत ते निमूट मान्य केले होते.

केंद्रात औषधाच्या कपाटाशेजारी आले कसे पोचले, तेही सांगितले पाहिजे. वरच्या कार्यालयात एक बैठक झाली होती. डॉक्टर उठसूट प्रतिजैविके लिहून देतात, लोक दोन दिवस गोळ्या खाऊन उरलेल्या फडताळात ठेवतात आणि त्यामुळे जंतू निगरगट्ट होत चालले आहेत, असे एका तज्ज्ञाने सांगितले. ते खरेच होते. दुसऱ्या तज्ज्ञाने पडद्यावर एक चित्र दाखवले. काचेच्या बशीत जंतू वाढवलेले, त्यांत आल्याच्या अर्काचा एक थेंब आणि थेंबाभोवती मेलेल्या जंतूंचे स्वच्छ गोल रिंगण. तेही खरेच होते. पण दोन खऱ्या गोष्टी सरकारी बैठकीत शेजारी बसल्या की त्यांच्या पोटी काय जन्माला येईल याचा नेम नसतो.

"बशीत जे मरतं ते माणसात का मरणार नाही?" अध्यक्षांनी विचारले.

"साहेब, माणूस म्हणजे बशी नव्हे," तज्ज्ञ म्हणाले. पण तेवढ्यात चहा येऊन पडल्यामुळे हे वाक्य इतिवृत्तात यायचे राहून गेले.

अशा रीतीने परिपत्रक निघाले आणि 'आले-प्रथम अभियान' सुरू झाले. प्रतिजैविकांचा वापर नव्वद टक्क्यांनी कमी करायचा, हे उद्दिष्ट. वापर कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पुरवठाच न करणे. तो अवलंबल्याबरोबर पहिल्याच आठवड्यात उद्दिष्ट गाठले गेले आणि सर्वांनी सर्वांचे अभिनंदन केले. गोळ्यांच्या जागी प्रत्येक केंद्राला दोन क्विंटल आले मंजूर झाले. ते औषध असल्यामुळे दहा-दहा ग्रॅमच्या हवाबंद प्लॅस्टिक पाकिटांत होते आणि प्रत्येक पाकिटावर छापले होते, 'मुदत : दोन वर्षे'. हे जमिनीतून निघालेल्या आल्याला कोणी कळवले होते की नाही, याची नोंद आढळत नाही.

औषध कोरड्या, अंधाऱ्या आणि कुलूपबंद खोलीत ठेवावे, असा नियम आहे. उकंडरावांनी नियम पाळला. बाराव्या दिवशी त्यांनी खोली उघडली तेव्हा आत भिजलेल्या पोत्यासारखा वास होता, आणि पाकिटांतल्या आल्याला पांढरी लव फुटली होती. काहींची लव हिरवट-निळी होऊन चांगली दाढीएवढी वाढली होती.

केंद्रासमोर मेहबूबची चहाची टपरी आहे. उकंडरावांनी एक पाकीट रुमालात गुंडाळून नेले आणि त्याच्यापुढे ठेवले. मेहबूबने ते दोन बोटांनी उचलले.

"उकंडभाऊ, हे अद्रक हाय का उंदराचं पिल्लू?"

"थट्टा नको करू मेहबूबभाई. दोन क्विंटल आहे असं."

"मंग पन्नीत काऊन कोंबलं? पन्नीत त्याले घाम सुटते, अन् घामानं सडते ते. अद्रक रेतीत पुरून ठेवा लागते. हे पहा." त्याने ठेल्याखालच्या घमेल्यातली ओलसर रेती उकरली आणि आल्याचा टणक, कोवळे कोंब फुटलेला कुडा काढून दाखवला. "दिवाळीपासून हाय. काई झालं का त्याले?"

जिल्ह्याच्या बैठकीतल्या तज्ज्ञांना जे ठाऊक नव्हते ते रस्त्याच्या पलीकडे घमेल्यात पडलेले होते. पण उकंडरावांना त्याचा उपयोग नव्हता. रेती हे गौण खनिज. ती औषधाच्या खोलीत आणायची तर तहसीलची परवानगी लागणार, आणि औषधाच्या खोलीत माती नेण्यास आरोग्य खात्याची मनाई. त्यांनी अर्धा कप चहा घेतला, केंद्रात परतले आणि आयुष्यातली पहिली चूक केली. त्यांनी जे दिसले ते लिहून वर कळवले.

उत्तर आले ते तालुक्याचे 'आले समन्वय अधिकारी' शेखरसाहेब यांच्या सहीने. 'आपल्या पत्रात नमूद केलेली बुरशी परिपत्रकातील मुद्दा क्र. ४ शी विसंगत आहे. आले बुरशीनाशक असल्याने त्यावर बुरशी येणे संभवत नाही. सबब, सदर वस्तू आले नाही, अथवा सदर थर बुरशी नाही. वस्तू आले नसल्यास मूळ आले कोठे गेले, व थर बुरशी नसल्यास आपण शासकीय साठ्याची बदनामी का केली, याचा खुलासा सादर करावा. समिती पाहणीस येत आहे.'

उकंडरावांनी हे पत्र तीनदा वाचले आणि प्रत्येक वेळी ते त्यांना आधीपेक्षा जास्त बरोबर वाटले. सरकारी भाषेची हीच करामत आहे. ती वाचता वाचता माणसाला आपल्या डोळ्यांचाच संशय येऊ लागतो.

ते खुलाशाचा मसुदा जुळवत बसले होते तेव्हा मनकर्णाबाई लंगडत आत आल्या. मनकर्णाबाई गावातल्याच, मजुरीला जाणाऱ्या, साठीच्या आसपासच्या. त्यांनी बाकावर बसून पाय वर घेतला. तळवा सुजून तांबडा झाला होता आणि दोन बोटांच्या बेचक्यात एक काळे भोक होते.

"काय झालं मावशी?"

"कपाशीच्या पऱ्हाट्या उपटाले गेल्ती भाऊ. कापून ठेवलेलं खुट सप्पकन घुसलं पायात. चार दिस झाले, लय ठणकून राह्यलं. अन् मले शुगर बी हाय ना, तुमच्याकूनच तं गोया नेतो मी."

वैद्यकीय अधिकारी डॉ. अर्पिता आल्याच्या पाच दिवसांच्या सखोल प्रशिक्षणासाठी नागपूरला गेल्या होत्या. उकंडरावांनी जखम धुतली, पट्टी बांधली, सिस्टरकडून धनुर्वाताचे इंजेक्शन देववले आणि फोन लावला. मधल्या सुट्टीत डॉक्टरीणबाईंनी तो घेतला.

"उकंडराव, शुगरच्या पेशंटचा पाय आहे. एक दिवससुद्धा थांबू नका. कॅप्सूल सुरू करा, दिवसातून तीन, सात दिवस. आहेत ना शिल्लक?"

"जुन्या साठ्यातला शेवटचा डबा आहे मॅडम. एकवीस आहेत."

"बरोब्बर एक कोर्स! द्या लगेच. मी ठेवते, 'आल्याची साल काढावी की ठेवावी' हे सत्र सुरू होतंय."

आता एकवीस कॅप्सूल कपाटात होत्या, पाय बाकावर होता आणि मध्ये फक्त सहा पावलांचे अंतर होते. पण औषध देण्याआधी रुग्णाची नोंद 'आले-मित्र' या ॲपवर करावी लागे. ॲपने पहिलाच प्रश्न विचारला, 'रुग्णास तीन दिवस आले दिले का?' 'नाही' म्हटले की पान पुढे सरकत नव्हते. तीन दिवसांनंतर निकाल भरायचा. त्यासाठी पर्याय होते तीन : 'बरा', 'बऱ्यापैकी बरा' आणि 'लवकरच बरा'. 'बरा नाही' असे भरल्यावरच प्रतिजैविकाची परवानगी मिळत असे, आणि तो पर्याय ॲपच्या पुढच्या आवृत्तीत येणार होता.

खरे तर कपाटाला ॲपचे कुलूप नव्हते. साधे लोखंडी कुलूप होते आणि किल्ली उकंडरावांच्या खिशात होती. जवळच्या धामणगाव बढ्याच्या मेडिकलमधून आपल्या पैशाने गोळ्या आणून गुपचूप द्याव्यात, हेही त्यांच्या मनात येऊन गेले. पण कर्मचाऱ्याने परस्पर प्रतिजैविक पुरवल्यास ते 'अभियानविरोधी कृत्य' समजले जाईल, असा सातवा मुद्दा होता. आणि समोर टेबलावर अर्धवट खुलासा पडलेला होता. एका खुलाशात अडकलेला माणूस दुसऱ्याला भितो. उकंडरावांनी खोलीतून त्यातल्या त्यात कमी दाढीची नऊ पाकिटे निवडली, कापसाने पुसली आणि मनकर्णाबाईंच्या ओच्यात टाकली.

"हे काय व्हय? अद्रक?" मनकर्णाबाईंनी पाकीट उजेडात धरले. "भाऊ, अद्रक तं माह्या घरी बी हाय. खोकला झाला, पोट फुगलं, मयमय झाली का मीच देतो ना नातवाईले. चांगलं गुण येते. पण पायात खुट घुसल्यावर अद्रक कोनं खाल्लं बाप्पा?"

"वरचा आदेश आहे मावशी."

"देवाचा?"

"नाही. जिल्ह्याचा."

"मंग ऐकाच लागन," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"नाहीतर मावशी, तुम्ही सरळ बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात जा ना."

"गुत्ता घेतला हाय पऱ्हाट्यायचा, उक्तं काम. दोन दिसाचं काम राह्यलं. तुमी म्हणता तं खाऊन पाह्यतो हे." आणि त्या भिंतीला धरून बाहेर पडल्या. उकंडरावांना स्वतःची लाज वाटली. ती त्यांना चांगली ओळखू आली, कारण अशी लाज त्यांना यापूर्वीही वाटलेली होती आणि तिचे पुढे काहीच होत नसे.

या सगळ्यात आल्याचा मात्र काडीचा दोष नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. आले बिचारे हजारो वर्षे आपले काम करत आले आहे. घसा शेकते, मळमळ थांबवते, अन्न पचवते, चहाला चव आणते. आपण प्रतिजैविक आहोत असा दावा त्याने स्वतः कुठेही केल्याचे आढळत नाही.

चौथ्या दिवशी मनकर्णाबाई सुनेच्या, कोकिळेच्या, खांद्यावर भार टाकून आल्या. त्या दारात पोचण्याआधी जखमेचा वास आत पोचला. दोन बोटे जांभळी-काळी पडली होती, सूज घोट्याच्या वर चढली होती आणि अंग तापाने फणफणले होते. "नऊच्या नऊ खाल्ले भाऊ," मनकर्णाबाई म्हणाल्या, "लय कडू लागले, पण खाल्ले." कोकिळा नुसती उकंडरावांकडे पाहत राहिली, आणि ते पाहणे त्यांना सहन झाले नाही.

एकतीस वर्षांत उकंडराव पहिल्यांदा संतापले, तेही स्वतःवर. त्यांनी ॲपवर जो काय तो 'लवकरच बरा' भरून टाकला, मोबाइल उलटा ठेवला, किल्ली काढली, कपाट उघडले आणि डबा टेबलावर ठेवला. "मावशी, आत या," त्यांनी हाक मारली. मनकर्णाबाई उठायला लागल्या, एवढ्यात फाटकातून पांढरी जीप आत शिरली.

शेखरसाहेबांसोबत समितीचे दोन सदस्य होते. तिघेही थेट आल्याच्या खोलीत गेले आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर आले. एका सदस्याला सलग अकरा शिंका आल्या. समितीने बाकावरच्या रुग्णांना उठवून तिथे बसूनच निष्कर्ष काढला : सदर थर बुरशी नसून, आल्यातील औषधी सत्त्व परिपक्व होऊन पृष्ठभागावर प्रकट झालेले आहे, सबब हे आले उच्च प्रतीचे समजावे व प्राधान्याने वाटावे. उकंडरावांचा खुलासा न वाचताच स्वीकारण्यात आला. त्यांना हलके वाटले, हेही खोटे नाही.

मग शेखरसाहेब एकटेच आत आले आणि खुर्चीवर बसून गळा चोळू लागले. आवाज घोगरा येत होता.

"घसा पार गेलाय हो माझा. कालपासून थुंकी गिळवत नाही. आणि उद्या सकाळी जिल्ह्याला माझं सादरीकरण आहे. आल्याच्या जंतुनाशक गुणधर्मांवर."

"साहेब, आल्याचं एक पाकीट देऊ?" उकंडरावांनी विचारले. त्यांनी ते अगदी मनापासून, आदराने विचारले.

साहेबांचा चेहरा दुखावला गेला. "उकंडराव, ही चेष्टेची वेळ आहे का? मला खरंच त्रास होतोय." मग त्यांची नजर टेबलावरच्या डब्यावर गेली. "या कॅप्सूल ना? छान. या द्या."

"साहेब, त्या बाहेरच्या मावशींसाठी काढल्यात. पाय सडत चाललाय. शुगर आहे त्यांना."

"आलं दिलंत?"

"दिलं."

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

"ॲपवर निकाल काय भरलात?"

उकंडरावांनी उलट्या ठेवलेल्या मोबाइलकडे पाहिले. "लवकरच बरा."

"मग लवकरच बऱ्या होणाऱ्या पेशंटला तुम्ही प्रतिजैविक देणार?" साहेब खोकत उभे राहिले. "अहो, हाच तर गैरवापर आपल्याला थांबवायचा आहे!"

त्यांनी साठ्याच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिले, 'तुलनात्मक प्रात्यक्षिकासाठी नमुना, नग २१', सही केली आणि डबा खिशात घातला. उकंडरावांचा हात डब्यावर होता. तो त्यांनी कधी उचलला हे त्यांना नंतर कितीही आठवून सांगता आले नाही. पण उचलला, एवढे नक्की.

साहेबांनी पहिली कॅप्सूल मेहबूबच्या टपरीवर, त्याच्याच चहाच्या घोटाबरोबर घेतली.

"वा! अद्रक फारच ताजं आहे तुमच्याकडे. ठेवता कसं?"

"रेतीत साहेब," मेहबूब म्हणाला.

"रेतीची पावती आहे का?"

मेहबूबने त्यांच्याकडे पाहिले, मग पलीकडे पायरीवर कण्हत बसलेल्या मनकर्णाबाईंकडे पाहिले. "चूल पाहा रे कोनी तरी," असे गिऱ्हाइकांना सांगून त्याने टपरी तशीच उघडी टाकली, पुतण्याचा ऑटो काढला आणि सासू-सुनेला बुलढाण्याला नेले. उकंडरावांना जावेसे वाटले. पण समिती अजून निघाली नव्हती आणि जेवणाचे बघायचे होते.

बुलढाण्याला डॉक्टरांनी पाय वाचवला. दोन बोटे मात्र काढावी लागली.

बुलढाण्याला नेल्यापासून आठव्या दिवशी ॲपने रुग्णाचा अंतिम निकाल मागितला. उकंडरावांनी साहेबांना फोन केला. साहेबांचा आवाज आता खणखणीत झाला होता. सादरीकरणही उत्तम झाले होते.

"साहेब, मनकर्णाबाईंचं काय भरू?"

"तिकडचा कागद काय म्हणतो?"

"जखम स्वच्छ, संसर्ग नाही, असं लिहिलंय. पण साहेब, दोन बोटं..."

"बोटांचा रकाना आहे का ॲपमध्ये?"

"नाही."

"मग झालं तर! संसर्ग नाही म्हणजे बरा. आलं सुरू केल्यापासून अकरा दिवसांत संसर्ग नाहीसा. उकंडराव, ही यशोगाथा आहे. चार वाजेपर्यंत फोटोसह पाठवा."

उकंडरावांनी चारला दहा कमी असताना पाठवली. फोटोत मनकर्णाबाई आपल्या घरी खाटेवर बसलेल्या होत्या. पट्टी बांधलेला पायही आला होता, पण तो वरच्या कार्यालयात कापण्यात आला. फोटो घोट्याच्या वर संपला. मथळा दिला गेला, 'महागड्या गोळ्यांना नकार, घरच्या आल्याचा चमत्कार! सत्तर रोगांवर एक उपाय, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.' सत्तर हा आकडा कोठून आला ते कोणी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो उकंडरावांच्या स्वतःच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, वर गुलाबाचे फूल लावून, पुण्याच्या मेहुण्याकडून.

त्याच दिवशी मनकर्णाबाई पट्टी बदलायला आल्या. नातवाच्या मोबाइलवर त्यांनी आपला फोटो पाहिला होता आणि त्याखाली लांबच लांब लागलेली जोडलेल्या हातांची रांगही पाहिली होती.

"कंपाउंडरभाऊ," त्यांनी विचारले, "माह्या फोटोखाली एवढे लोकं हात काऊन जोडून राह्यले? मी काई मेली नाही ना अजून."

उकंडराव खाली मान घालून पट्टी सोडू लागले. याचे उत्तर तुम्हीच द्या. त्या रांगेत एक जोडी तुमची होती. पुढच्या चार ग्रुपना तो पाठवताना, फोटो खाली कुठे कापला आहे, हे तुम्हीही पाहिले नव्हते.